वापरलेली फीत

फोल्के ताम्मेनच्या मुलाने ते कालव्याकाठी ठेवलं होतं,
गादी, दोन दिवे आणि लंगड्या इस्त्रीच्या टेबलाशेजारी.
सातला पालिकेचा ट्रक.
साडेसहाला मी हातगाडी काढली,
अठ्ठ्याहत्तर वर्षांचा चोर.
पाठ पुढे दोन दिवस माझ्याशी भांडत होती.

वायर लावली. घूं.
मोटार जिवंत. पण कळ दाबली
की अक्षराचा दांडा अर्ध्यावर येऊन थांबे,
जसं कुणी दारापर्यंत यावं
आणि आठवावं, अरे, आपण यांच्याशी बोलत नाही.

आम्ही बोलत नव्हतो. नऊ वर्षं.
नाशपातीची एक फांदी होती, तिची पण माझ्या बाजूला झुकलेली.
ती दवाखान्यात असताना मी करवत चालवली.
एवढंच. म्हणजे, मी तरी म्हणायचो एवढंच.

वायर काढली. वर्तमानपत्र पसरलं.
मी आयुष्यभर कालव्याची दारं उघडली, मिटली,
मला ग्रीस कळतं:
आधी लोणी, मग मेण, मग लाख,
मग कुणाच्या बापाचं ऐकत नाही.
स्पिरिट, जुना टूथब्रश, बहिणीचा हेअर ड्रायर,
आणि एकेका दांड्याला मालिश, चव्वेचाळीस दांडे,
दोन टिंबांचा ओ सगळ्यात हट्टी.
आतून निघाले खोडरबराचे कण, एक टाचणी,
मांजराचे भुरे केस
(ते मांजर मला आवडायचं. हे तिला माहीत नव्हतं).
पट्टा तुटलेला. व्हॅक्यूम क्लीनरचा बसवला,
थोडा कापून, थोडी शिवी देऊन.

मंगळवारी पुन्हा घूं.
रिटर्नची कळ दाबली आणि गाडा
असा सुटला उजवीकडे
की सायीचं भांडं टेबलावरून थेट भिंतीवर.
चहा तसाच घेतला, नुसत्या खडीसाखरेवर.

फीत राहिली होती. कार्बनची,
एकदाच वापरायची जात:
अक्षर मारलं की तिथली काळी पूड कागदावर जाते
आणि मागे अक्षराच्या आकाराची खिडकी उरते.
उजेडासमोर धरली.
वाचायचं नव्हतं. वाचलं.

रिळावर शेवटचं आधी येतं,
आणि शब्दांमधली जागा फितीला ठाऊक नसते,
म्हणून एकेक अक्षर वहीत उलटं मांडत गेलो,
चष्मा कपाळावर, भिंग डोळ्याला.
सगळ्यात वर गॅसचं मीटर. चार आठ एक दोन.
त्याच्या आत:
शेजारीश्रीहारिंग्सयांना
त्याच्याही आत फुल्या, एकवीस फुल्या,
आणि फुल्यांच्या पलीकडे
शेजारीश्रीहारिंग्सयांनी

हारिंग्स म्हणजे मी.
तिने ‘यांनी’ खोडून ‘यांना’ केलं होतं.
तक्रार निघाली होती, तिचं पत्र झालं,
आणि पत्रानंतर थेट मीटर.
मधे काय झालं?
दूध उतू गेलं असेल. दार वाजलं असेल.
त्याहून आत सफरचंदाच्या केकची कृती होती,
दालचिनी दोनदा लिहिलेली.

नवी फीत मिळत नाही, एम्डेनला विचारलं.
मग हीच गुंडाळली मागे,
पेन्सिलीने, पाऊण तास,
आणि तिच्या खिडक्यांवर माझी अक्षरं मारली.
माझं वाक्य उमटलं
उंदरांनी कुरतडल्यासारखं:
जिथे तिचं अक्षर निघून गेलं होतं
तिथे माझ्याला शाईच नाही.
‘फोल्केबाई’ नीट आलं, कसं कोण जाणे.
‘फांदी’ तिसऱ्यांदा मारली तेव्हा कुठे वाचता आली.

पुढचं सुचेना.
मशीन घूं घूं करत उभं, बिल वाढतंय.
उठलो, तळघरात गेलो, टॉर्च घेऊन,
वर येऊन टाईप केलं:
गॅसचं मीटर. सहा शून्य तीन सात.
शून्य तेवढं अर्धं उमटलं.