शुद्धिपत्र

शहापुरात, कोरे गल्लीच्या तोंडाशी
एक छापखाना होता. तिथं तीस वर्षं
मी महाराजांची प्रवचनं वाचली, स्वामींची, माताजींची,
एका निवृत्त मामलेदाराचीसुद्धा, ज्याला
सांबऱ्याच्या विमानतळामागे ब्रह्म दिसलं होतं.

वाचली म्हणजे ऱ्हस्वदीर्घासाठी.
‘मौना’च्या डोक्यावर दोन्ही मात्रा आहेत का,
‘अहं’चा अनुस्वार गळालाय का.
गळाला असला तर मी परत बसवायचो.

लोक विचारायचे, एवढं वाचतोस,
काही उजेड पडला का?
पडायचा.
दुपारी तीनला, पत्र्याच्या भोकातून,
ओल्या प्रुफावर.

खाली गल्लीत यल्लुबाई मांडे करायची.
कणीक कोपरापर्यंत पसरायची, पलीकडचं दिसेस्तोवर.
हातभर जुन्या चटक्यांच्या खुणा.
मी वर, तिच्या धुरात,
‘आनंदा’तला न फुटलाय का बघत बसलेला.
मनातले मांडे म्हणतात ना,
आमच्यात फक्त एका जिन्याचं अंतर होतं.

खिळे जुळवायला गुरसिद्धाप्पा.
मराठी बोलायचा, वाचायचा नाही.
तांदळातले खडे वेचावेत
तशी अक्षरं आकारावरून उचलायचा.
डोक्यावरची रेघ सलग गेली तर घ.
मध्येच तुटून जरा वळली, तर ध.

पान एकशे बारा, खालून चौथी ओळ.
स्वामींनी सांगितलं होतं: घर सोड.
छापून आलं: धर सोड.
हजार प्रती. मला दिसलंच नाही.

चार वर्षांनी एक माणूस जिना चढून आला.
सातेरी गावडे, खानापूर-जांबोटी गाडीवर कंडक्टर.
खांद्यावर फणस.
फणसाचं अर्धं तिकीट काढलंय म्हणाला,
स्वतःच, स्वतःकडून.

‘दोनदा पिशवी भरलो सायब. मठाची वाट ठावं होती.
बायको झोपलेली. म्हटलं, जाता जाता एक पान वाचू.
तर तुमच्या पुस्तकात आलं, धर, सोड.
म्हटलं, हे तर मी रोज करूलालोय की.
दांडा धर, सोड. पैसे धर, सोड.
घाटातल्या वळणाला आख्खी गाडी श्वास धरतंय,
मग सोडतंय.
पिशवी खाली ठेवलो.
पोरगं तापात होतं, त्याचा हात धरून बसलो.
उजाडताना घाम फुटला त्याला. हात सोडलो.
बस्स.
झालं काय म्हणाल तर काही नाही बघा.
पण ते काही नाही झालं, ते अजून हाय.’

मी त्याच्या डोळ्यांकडे पाहिलं.
चुका शोधायची सवय.
सापडली नाही.
घ आणि ध चं मी त्याला सांगितलं नाही.

तो गेल्यावर जुनं पुस्तक काढून बसलो.
तीस वर्षं, प्रत्येक ओळ माझ्या पेन्सिलीखालून गेलेली,
एकही मला लागली नाही.
त्याला लागली ती
माझ्या नजरेतून सुटलेली.

म्हणजे वाचून होतं की नाही होत?
मला विचारू नका.
मला चुका काढायचे पैसे मिळायचे.

दुसरी आवृत्ती निघाली. मालकानं शुद्धिपत्र मागितलं.
पान लिहिलं, ओळ लिहिली.
अशुद्ध: धर.
शुद्ध:
आणि पेन्सिल तिथंच राहिली.

गुरसिद्धाप्पाला सगळं सांगितलं.
तो रॉकेलमध्ये बुडवून खिळे पुसत होता,
एकेक, बोटानं चाचपून.
वर न बघता म्हणाला,
‘बिड्री.’
कानडीत, सोडा.

फणस अजून कापायचा होता.
मी बाह्या सारल्या,
हाताला तेल लावलं.