दारं धरताना

आधी पाणी उकळू द्या.
जुन्या ज्वारीला विरी न्हाई,
गार पाण्यात भिजवली तर काठाला भेगा पडत्यात
आपल्या माळावानी.
ऐकू येतंय का? इथं वर वारा लई हाय.

बाविसावा मजला. व्हय, बाविसावा.
इथनं चेंबूरच्या टाक्या दिसत्यात, गोल, पांढऱ्या.
पहिल्या दिवशी वाटलं, पाण्याच्या हायत.
तेलाच्या निघाल्या.

काल स्लॅब टाकला, आजपासनं त्याला पाणी पाजायचं.
मुकादम म्हणला, वाफे पाडता येत्यात का कुणाला?
बाप्ये एकमेकांकडं बघाया लागले.
मी मालाचा बांध घातला,
बोटभर उंच, कोपरा दाबून,
तुम्ही कांद्याच्या रानात घालायचा
आन् मी लांबनं बघायची, तसा.

परातीत मधी खळगा करा. ओता.
चमच्यानं हलवा, हात घालू नका लगेच.
कांचनला कशाला हाक मारताय?
तिला पुस्तक घेऊन बसू द्या.
टँकरपाशी दुपारभर तीच उभी असती ना?
मग भाकरी तुम्ही.
हसत्यात? हसू द्या छावणीला.
त्या शेजारच्या दावणीचा गजाबापू,
त्याची बायको कुठं हाय म्हणं?
वीटभट्टीवर, पनवेलकडं.
मग उद्या त्योच पीठ घेऊन येतोय बघा तुमच्याकडं.

आता मळा. तळहाताच्या मुळानं.
जोर लावा, पण बैल आवरल्यावानी न्हाई,
वासरू धरल्यावानी.

एक सांगू?
सतरा वर्सं झाली लग्नाला.
विहिरीचं पाणी मी डोक्यावर वाहिलं, कमरेवर वाहिलं,
कांचन पोटात असताना वाहिलं.
दारं कधी धरली न्हाईत.
रात्रीची लाइट यायची,
तुम्ही बॅटरी आन् खोरं घेऊन निघायचा,
मी उठले तर आत्याबाई म्हणायच्या, नीज, ते बाप्याचं काम.
पाणी वाहायचं बाईनं,
वळवायचं बाप्यानं.
इथं पाइप माझ्या हातात हाय.
ह्या वाफ्यातनं त्या वाफ्यात मीच सोडते.
खाली काय बी उगवायचं न्हाई,
एवढं पाणी, आन् तिकडं जनावरं…
लाज वाटती.
आन् बरं बी वाटतं. खोटं कशाला बोलू.

हजेरी?
बाप्याला साडेसातशे, मला पाचशे.
म्हणला, बाई हलकं काम करती.
मी पाइप खाली ठेवला आन् बसले.
उन्हानं स्लॅब पांढरा पडाया लागला.
पन्नास वाढवले.

थापा. परात फिरवत ऱ्हायची.
मोडली? मोडू द्या.
माझी पहिली बी मोडली होती,
तुमच्या आईनं ती साऱ्या आळीला दाखवली.

अनुदान आलं? किती?
तुमच्या खात्यावर. तिथंच येणार म्हणा.
उतारा हाय का जवळ? उजवीकडं बघा,
इतर हक्क.
विहीर हाय तिथं, आटलेली.
सोसायटीचा बोजा हाय.
वन्संचं नाव हाय.
माझं तिथं बी न्हाई.
पर मला तो रकाना नको.
तलाठ्याकडं जाल त्या दिवशी
डावीकडं घाला, भोगवटादारात, तुमच्या नावाखाली.
पेरलं कुणी, खुरपलं कुणी, त्यो काय बघाया येतोय?
तुम्ही सांगायचं.

गप का झाला?

टाकली का तव्यावर? पिठाची बाजू वर.
आता पाण्याचा हात फिरवा, काठापतुर.
कोरडं ऱ्हायलं की तिथंच फुटती.
आन् पाणी सुकल्यावर उलटायची न्हाई,
सुकत आलं की उलटायची.
वासावर ध्यान ठेवा, कळतं.

कधी येणार ते आत्ता नका विचारू.
सात दिवस हे पाणी धरायचं,
मग तेविसावा.
पाऊस झाला तर… बघू.
थांबा, कोपऱ्यातला बांध फुटला,
खालच्या मजल्यावर गळतंय,
फोन ठेवू नका.
धरून ऱ्हावा.