काटे

अर्जातला सातवा प्रश्न :
हे क्षेत्र तुम्ही का निवडलंत?
खाली रेघा चार.
माझं वय एकेचाळीस, आणि हाताला कॉडचा वास,
साबणाला दाद न देणारा.

लिहिलं : माणसांची आवड आहे.
खोडलं. धडधडीत खोटं.
एकोणीस वर्षं कानांत बोळे घालून उभी राहिले पट्ट्यापाशी
ते काही नुसतं यंत्रांच्या आवाजामुळे नव्हे.

लिहिलं : माझा भाऊ स्टेनार.
तिथेच पेन अडलं.
भाऊ म्हणजे काही दाखला नाही
प्रत काढून अर्जाला जोडायला.

शेवटी लिहिलं :
मला बोटांनी काटे सापडतात.
आणि धाडून दिला अर्ज
शहाणपण सुचायच्या आत.

खरंच सापडतात.
काचेखाली दिवा, वर माशाचा पांढरा तुकडा,
नजरेला निर्मळ.
बोगुमिला, पोलंडहून आलेली, पहिल्या आठवड्यात म्हणाली होती,
दाबू नकोस गं, नुसतं बोट फिरव,
काटा आपणहून टोचतो.
मग चिमटा. मग पुढचा तुकडा.

आकुरेयरीला गाडीनं सात तास,
त्यातला एक घाट बहुधा बर्फानं बंद.
वर्गात समोरासमोर खुर्च्या,
विदार रुग्ण, मी परिचारिका.
विदार बावीस वर्षांचा, फुटबॉल खेळतो,
त्याला म्हणायचं होतं की झोप लागत नाही.
म्हणाला. छान म्हणाला.
मी लगेच : सकाळी चालायला जा,
रात्री फोन लांब ठेव, माशाचं तेल घेतोस का?

ह्योर्दिसबाईंनी घड्याळ थांबवलं.
‘किती वेळ गप्प होतीस?’
मला वाटलं, बराच.
‘दोन सेकंद,’ त्या म्हणाल्या.
‘चिमटा खाली ठेव, ऑडनी.
इथे काढायचं काही नसतं. इतक्यात तर नाहीच.’

म्हणजे अर्ज त्यांनी वाचला होता.

जिभेला हाड नसतं म्हणतात,
माझ्या जिभेला ब्रेकही नव्हता.
मग गप्प राहायचा सराव : पेट्रोलपंपावर,
गरम पाण्याच्या कुंडात,
जिथे अख्खं गाव मानेपर्यंत बुडून
एकमेकांची उणीदुणी काढतं.
लोकांनी विचारलं, तब्येत बरी आहे ना.
लिथियमची मात्रा, तिची विषारी हद्द
पावाच्या पिशवीवर लिहून फ्रिजला चिकटवली.
आई ती पिशवी पाव आणायला घेऊन गेली.

जानेवारी सरता सरता डोंगरावरून ऊन उतरलं,
दोन महिन्यांनी, चार मिनिटांपुरतं.
घरोघरी पॅनकेक, कॉफी.
मी बशी घेऊन गॅरेजच्या वरच्या खोलीपाशी.
दार लोटलेलं. आत स्टेनार,
किंवा स्टेनारचं पांघरूण.
गेल्या वर्षी याच दाराशी तासभर बोलले होते मी,
उन्हाबद्दल.
यंदा पायरीवर बसले.
सात मोजले, सत्तर मोजले, मग मोजणंच विसरले.

आतून : ‘कुणी मेलंय का?’
‘नाही.’
‘मग गप्प का?’
‘परीक्षा आहे,’ मी म्हटलं.
बराच वेळ काहीच नाही.
मग दार उघडलं,
एका बशीपुरतं.

ह्योर्दिसबाईंना हे फोनवर सांगितलं,
थोडं मिरवतच.
त्या म्हणाल्या, ‘तो तुझा रुग्ण नव्हे.
त्याला बहीण लागेल. ती नोकरी वेगळी,
बिनपगारी.’

परीक्षेत नापास झाले, दोन गुणांनी.
मध्येच बोलले. मे महिन्यात पुन्हा.
तोवर रात्रपाळी, तोच पट्टा, तोच दिवा,
फक्त एका कानातला बोळा काढून ठेवलाय,
बोगुमिलाच्या बाजूचा.

तिला एक मुलगी आहे, लुब्लिनला.
एकोणीस वर्षांत
हे मला माहीत नव्हतं.