दाराला तेल घालू नका

डंडीतल्या आमच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये
न्हाणीघराचं दार कुरकुरतं,
बरोब्बर त्या सुरात,
ज्या सुरात 'भुतांची खानावळ'मधलं तळघर उघडायचं.

खेळाचं खरं नाव इंग्रजी, हातभर लांब.
आमच्या घरात ते दोन दिवससुद्धा टिकलं नाही.

सुश्रुत तेव्हा आठ वर्षांचा.
उशीमागून एक डोळा बाहेर काढून खेळायचा.
तळघर आलं की कंट्रोलर माझ्या मांडीवर:
"आई, तू जा. मी इथून लक्ष ठेवतो."
मी जायचे.
भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात,
इथे ब्रह्मराक्षसच भित्रे निघाले सगळे.
एक बिनमुंडक्याचा आचारी,
सूपमध्ये मीठ कसं बघू, म्हणून रडणारा.
एक बॅगपाइपवाला, मेल्यापासून
ज्याला दमच पुरत नव्हता.
आणि चादरींच्या कपाटातलं ते एवढंसं,
'भ्यॉ' करायच्या आधी 'माफ करा हं' म्हणणारं.
त्याचं बारसं आम्हीच केलं: चादऱ्या.

मग खेळ संपला.
खानावळीच्या खिडक्यांमधले दिवे एकेक करून गेले,
शेवटचा चादऱ्याच्या कपाटातला.
पाच वर्षं.

परवा मंगळवारी, लॅबमध्ये,
रक्ताच्या नळ्यांच्या दोन रॅकमधल्या चहाच्या सुट्टीत
मोबाइलवर चाळीस सेकंदांची चित्रफीत आली.
धुकं. जिना. मग अंधारात ते दार,
आणि तो आवाज.
माझ्या डोळ्यांना पाणी बघून
मोरागने हातातलं बिस्किट खाली ठेवलं.
"कुणी गेलं का गं?"
"गेलेत," म्हटलं, "पण परत येतायत.
ऑक्टोबरात."

शिवाय चादऱ्याची स्वतःची मालिका!
सहा छोटे खेळ. पहिल्यात तो लॉन्ड्रीत अडकतो,
दुसऱ्यात म्हणे बोटीवर नोकरीला लागतो.
भाचा परदेशी निघाल्यासारखं वाटलं मला.
स्वेटर घेतलास का रे, विचारावंसं.

घरी येऊन सांगितलं, तर सुश्रुत
(तेरावं सरलंय, ओठांवर मिसरुडाचा संशय)
फोनमधून मान न काढता म्हणाला, "हं."
थोड्या वेळाने, "लहान मुलांचं आहे ते."
असेल बाबा.
मी भांडी घासली. टे नदीवरून
समुद्राचं धुकं आलं, पूल अर्धा पुसला गेला,
मी एकटीनेच मनात जिना उतरून बघितला.
पहिल्या पायरीलाच घाबरले.
कुणीतरी उशीमागे लागतंच.

शनिवारी घरमालक आले, मिस्टर पेट्री,
भला माणूस, एका हातात तेलाची बुधली.
"किती दिवस सहन करताय हे दार!
दोन थेंब टाकतो, गप्प बसेल जन्माचं."
मी तोंड उघडणार, आता ह्यांना सांगू तरी काय,
एवढ्यात आतल्या खोलीतून
"नको!"

आवाज फुटला त्याचा.
जाड सुरू झाला, वर गेला, चिरकला,
आणि थांबला नेमका
तळघराच्या दाराच्या सुरावर.

पेट्रींनी दाराकडे बघितलं. मग खोलीकडे.
मग बुधलीचं झाकण हळूच लावलं.

कालच कळलं, तारीख पुढे गेलीय. फेब्रुवारी.
आधी चादऱ्या येणार, मग खानावळ.
मी रागावणार होते, पण
रात्री पाणी प्यायला उठले तर
न्हाणीघराशी कुणीतरी अंधारात उभं,
दार सावकाश उघडतंय, मिटतंय,
पुन्हा उघडतंय.

"माफ करा हं," मी म्हटलं,
आणि मग, "भ्यॉ."