तीन पुस्तकं परत करताना

पेडणेकरबाई,
खोका तुमच्या बिल्डिंगच्या वॉचमनकडे ठेवलाय.
उशीर झाला. मार्चमध्ये नेली होती,
आता खजूर पिकलेत.
जाड पुस्तकाच्या पाठीवर पाण्याचा डाग आहे,
तो मी नाही पाडला, एसीनं पाडला,
पण एसी माझा, म्हणून माफी.

त्या जाडचंच आधी सांगते.
सातशे पानं, सुरुवातीला घडीचा नकाशा,
नकाशात अकरा राज्यं, झाडून सगळ्यांना नावं,
आणि मधल्या समुद्राला काहीच नाही.
तिथंच माझं बिनसलं.
इथं सोहारला माझ्या खिडकीतल्या एवढ्याशा पाण्याला
दोन नावं आहेत, एकात आखात, एकात समुद्र,
आणि मासळीबाजारातला खमीस
दोन्हींपैकी एकही वापरत नाही, नुसतं हात करतो तिकडे.

लढाया मी गाळल्या. खोटं कशाला बोलू?
पण सैन्यामागून कढई घेऊन चालणारा तो आचारी!
किल्ला पडतो, सगळे मुकुट शोधत धावतात,
हा मीठ शोधतो.
मला वाटलं, आता हा आपला माणूस.
पान चारशे बारा. मारला. दीड ओळीत.
पुढची पानं मी रागानं वाचली,
भांडण झाल्यावर घासतात ना भांडी, तशी.
शेवटी ड्रॅगन मेला.
मेला तर मेला.

दुसरं, ते पाण्याचं.
तक्ते आहेत, तळटीपा आहेत, माणूस अभ्यासू आहे.
नवव्या प्रकरणात तो आमच्या किनाऱ्यावर येतो,
एका सकाळी, उसन्या जीपमधून,
आमच्यासारखाच एक प्लांट बघतो
आणि लिहितो: समुद्रातून काढलेल्या या पाण्याला चव नसते.
बाई, मी पुस्तक पालथं टाकून उठले.
रात्री अडीचला नमुने कोण घेतं?
चुना कोण घालतं त्यात, मोजून,
कागदावर सही कोण करतं,
आणि मग गावभर चहा होतो त्याचा!
पण पुढच्याच पानावर
परत समुद्रात सोडलेल्या खारट पाण्याबद्दल आहे,
तळाशी काय मरतं त्याबद्दल.
ते खोडता आलं नाही मला.
ते आकडे मी ओळखते. तसलेच रोज भरते.
तरी चवीच्या ओळीशेजारी, समासात,
पेन्सिलीनं लिहिलंय: 'असते.'
हवं तर खोडा.

आणि तिसरं, गुलाबी.
वर्तमानपत्राचं कव्हर घालून लॅबमध्ये नेलं,
बिजुमोननं तरी ओळखलंच.
काय हसले मी!
तो विमानतळावर तिची वाट बघतो, सबंध तीन पानं,
पार्किंगचे पैसे कोण भरतंय, कळत नाही.
ती येते, इमिग्रेशनला रांग नाही,
बॅगही पहिलीच तिची.
अडीचशे पानांत कुणी कुणाचा पगार विचारत नाही,
रेसिडेंट कार्ड कुणाचंच संपत नाही.

पण पान एकशे अठ्ठ्याण्णववर
कुणीतरी आधी एक ओळ अधोरेखित केलीय.
चुंबनाची नाही. चांदण्याची तर नाहीच.
दोघं जिना उतरताहेत, आणि ती विचारते:
'गॅस बंद केलास ना?'
निळ्या बॉलपेननं, पट्टी लावून, दोनदा.

कोणी केलं असेल?
सांगू नका.
मी त्या रात्री यादी करत बसले,
कॅम्पवर मेसचं जेवणारे कोण, एकटे राहणारे कोण,
ज्यांच्याकडे गॅसच नाही असे कोण.
तेवढ्यात दुक्कमहून अनिरुद्धचा फोन आला,
नेहमीचाच, दोन मिनिटांचा,
'दार लावलंस?' म्हणाला.
रोज मी 'हं' म्हणते.
त्या दिवशी उठले, जाऊन कडी हलवून आले,
आणि म्हणाले, 'लावलंय.'

दोन खोक्यात आहेत. गुलाबी माझ्याकडेच ठेवलंय,
अजून आठवडाभर, चालेल ना?
सुट्टीहून येताना तीस किलोत जागा उरली
तर मसाला नको मला.
काहीतरी वाचायला आणा,
ज्यात आचारी शेवटपर्यंत जगतो.