नग दहा

पाकिटं लागली तेव्हा मी सोसायटीत डिझेलची कुपनं फाडत होते.
पोरं सांगत आली: साबणाच्या वड्यांएवढी, तपकिरी,
प्लास्टिकात घट्ट, वर सोनेरी शिक्का.
कुणी म्हणालं खजूर. कुणी म्हणालं औषध.
हिराजी खरव्याने एक वडी जाळून गोठ्यात धुरी केली डासांना.
म्हस दोन दिवस हसत होती म्हणे.

हवालदाराने किनाऱ्यावर टेबल मागवलं, मला पंच केलं,
माझं अक्षर बरं म्हणून.
लिहा वहिनी: बेवारस पाकिटे, नग दहा,
वजन अकरा किलो आठशे, किंमत अंदाजे...
किंमत त्याने दोनदा सांगितली. मी शून्यं दोनदा मोजली.
हर्णै बंदरातली आमची सगळी लाकडं विकली
तरी एवढी शून्यं होत नाहीत.

दुसऱ्या ओहोटीला तो आला.
पुळणीवर पालथा, हात मागे,
हिरव्या नायलॉनने बांधलेले.
चेहरा दर्याने ठेवला नव्हता.
पाकिटावर शिक्का तरी होता.
हवालदार म्हणाला, गाठ बघा, आपल्याकडची आहे का?
इसाक तांडेल वाकला. बराच वेळ वाकलेलाच राहिला.
मग म्हणाला, साहेब, आमी पन हीच मारतो.

लिहा वहिनी. बेवारस पुरुष, वय अंदाजे तीस.
शब्द तोच. कालच्या ओळीखाली
मी तसाच काढला, वेलांटीसुद्धा न हलवता.

पुरायचा की जाळायचा, यावर दोघे भांडले
आणि दोघेही जेवायला गेले.
शेवटी आमचेच खलाशी, भीमलाल आणि रफीकुल,
बर्फाची ताडपत्री घेऊन आले.
रफीकुलने आधी दोरी सोडवली.
कोयता पायाशी होता. तरी कापली नाही, सोडवली.
नख निघालं त्याचं.

संध्याकाळी ग्रामसभा.
बाहेरचे आले म्हणून हे आलं, उपसरपंच म्हणाला.
बाहेरचे गेले तर जाळं कोण ओढील, इसाक म्हणाला,
तुझा पोर? तो तर पुण्यात एसीत बसतो.
माईक खरखरत होता.
घुसखोर, देश, सीमा,
लहान माणसांच्या तोंडून मोठे होऊन निघत होते शब्द.
सगळ्यात जोरात लियाकत मुकादम.
कुवेतला सहा वर्षं कल्लीवल्ली होता लियाकत;
धाड पडली की गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीत बसायचा.
आवाज अजून तसाच घुमतो.
मी गप्प.
माझा भाऊ आजही तिकडेच आहे.
पासपोर्ट कुणाकडे आहे, हे आम्ही फोनवर विचारत नाही.

ठराव झाला: तीन दिवसांत सगळ्यांचे कागद.
भीमलालचा नेपाळचा, भिजून वाळलेला,
फोटोत मिसरूडही नाही.
रफीकुलचं आधार. जिल्हा मालदा.
मालदा तर सगळेच सांगतात, हवालदार म्हणाला.
खरं होतं का ते, मला माहीत नाही.
खोटं होतं का, तेही नाही.
भिंग माशाला तो इलिश म्हणायचा,
आणि म्हणून झाल्यावर जरा वेळ काहीच बोलायचा नाही.
एवढं माहीत आहे.

तिसऱ्या पहाटे त्याची खोली उघडी.
दापोलीची पहिली एसटी, की कुणाची गाडी,
कोण सांगणार.
त्याच दुपारी मुद्देमाल मोजला, नऊ भरला.
एक त्यानेच नेलं, गाव म्हणालं. सोपं होतं.
हवालदार सोसायटीत आला, खुर्चीवर बसला नाही.
वहिनी, म्हणाला, घाईत तुम्ही नऊचं दहा लिहिलंत का?
बाहेर एक गाडी उभी होती, या भागातली नव्हती,
आणि इंजिन बंद नव्हतं.

मी दहा लिहिले होते. अक्षरी.
माझं अक्षर बरं आहे.

काय उत्तर दिलं ते इथे लिहीत नाही.
हजेरीवहीत त्याचं नाव अजून आहे.
उचल वजा जाता देणे चार हजार दोनशे.
रोज पुढे 'गै' लिहिते.
रोज दर्यावर जाणाऱ्या बोटी मोजते,
आणि परत येणाऱ्याही.