मायतेचा डाव

लोवेल प्रत्येक डावात वाढवतो,
दिवसभर मिठाच्या पठारावर ट्रक रेटतो तसा.
मायते एचेवेरी नुसतं 'कॉल' म्हणते,
मेंढपाळाची लेक, कोयोटामागे न धावणारी.

शेवटचं पान उलटलं.
लोवेल कचरला, टेबलावर बोटं टेकवली.
तिनंही.
मग दाखवलं: तीन अठ्ठ्या, दोन राण्या!
लोवेलनं शीळ घातली.
त्याचा ढीग अजून ढीगच होता.

पत्ते पिसता पिसता मी म्हटलं,
"मागितलं असतंस, तर दिलं असतं त्यानं."
चिप्स रचत ती म्हणाली,
"बापाचं कुरण भावाच्या नावे झालं
तेव्हा वकीलही हेच बोलला."

एल्कोत रात्रीचे दोन. पुढचा डाव.
लोवेलनं वाढवलं.
मायतेची बोटं चिप्सवर,
नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ.